आबांच्या बॅगपाइपची शिवण

आबा, पिशवी गळत होती. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि सुनेनं सासऱ्याशी असं बोलू नये एवढं मलाही कळतं. पण रडून झालंय. आता उरलाय तो राग, आणि तो तुमच्यावर नाही तर कुणावर काढू? विलासवर काढून पाहिला. तो म्हणाला, "मला काय विचारतेस? त्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, तेसुद्धा मला सांगता यायचं नाही." तुमचाच मुलगा आहे, पण निदान माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो.

मी लग्न होऊन बेडशाला आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तुम्ही, विलास आणि खुंटीवर ते. पहिल्या दिवशी मला वाटलं, करडू सोलून टांगलंय. पोट फुगीर, पाच पाय पाच दिशांना. तुम्ही पलटणीत पायपर होतात हे विलासनं सांगितलं होतं, पण पायपर म्हणजे मी पाइपलाइनचं काही काम समजले होते. तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही हसला नाहीत. पेन्शनीत निघाल्यावर मेरठहून शिसवी नळ्या मागवून, स्वतः चामडं आणून तुम्ही तो बॅगपाइप जुळवला होता, आणि सून त्याला प्लंबिंग म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी मला चुलीपासून उठवलंत. "बस हितं," म्हणालात, आणि अख्खा बाजा सोडून पाटावर मांडलात.

"ही फुकायची नळी. हिच्या बुडाला चामड्याची जिबली हाय. हवा आत जाती, म्हागारी येत न्हाई. ही पिशवी. ही पुडची नळी, हिच्यावर बोटं चालत्यात. आन ह्या तीन खांद्यावरच्या, ह्या नुस्त्या घुमत ऱ्हात्यात."

"मग वाजतं नेमकं काय?" मी विचारलं, ते भात लागेल या काळजीनं, लवकर सुटका व्हावी म्हणून.

तुमचा चेहरा असा उजळला की मला पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या नळीच्या टोकातून तुम्ही करंगळीच्या पेरापेक्षा लहान अशी एक वस्तू काढलीत. वेताच्या दोन पातळ चकत्या, समोरासमोर ठेवून दोऱ्यानं बांधलेल्या. "ह्या दोगी. ह्यांच्यात केसाएवढी फट हाय. हवा निगाय लागली की दोगी एकमेकीवर आपटत्यात. तोच आवाज. बाकी समदी हमाली."

भात लागला. तुम्ही जेवताना म्हणालात, भात लागलाय.

आबा, तुम्ही चांगले शिक्षक नव्हता. कुणीतरी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. तुम्ही एक गोष्ट सांगायचात आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची गिळून टाकायचात. खांद्यावरच्या तीन नळ्यांमध्ये चकत्या दोन नसतात, वेताच्या एकाच पोकळ कांडीला चीर देऊन उठवलेली एक जीभ असते, हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही एक जीभ माझ्या हातून मोडल्यावर. त्या तीन नळ्या सरकवून लांब केल्या की सूर उतरतो, आखूड केल्या की चढतो, हे तर मी नुसतं बघून ओळखलं. कधी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कान कशाला दिल्यात?"

आणि तरी मी त्यात पडले. माझं कामशेतला ब्लाउज शिवायचं दुकान. दिवसभर बाह्या आणि गळे. घरी आल्यावर पुन्हा सुईदोरा हातात घ्यायची कुणाला हौस असते? पण जुनी पिशवी विरली होती, तुमचे डोळे अधू झाले होते, आणि तुम्ही बकऱ्याचं नवं चामडं आणून माझ्या मशीनवर ठेवून दिलंत. तुमची विनंती करायची पद्धत ती.

तुम्ही पेन्शनच्या कामाला पुण्याला गेलात त्या दिवशी मी ती पिशवी शिवली. जाड सुई लावली, टाका बारीक धरला. बारीक टाका म्हणजे घट्ट शिवण, हे माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य. संध्याकाळी तुमच्यापुढे धरली. अशी सरळ शिवण मी नवरीच्या ब्लाउजलाही घातली नव्हती. तुम्ही तोंड लावून फुंकलंत. ती फुगेचना. तुम्ही अंगणात गेलात, पाण्याच्या पिंपात पिशवी बुडवलीत आणि सायकलचं पंक्चर बघतात तसे बुडबुडे दाखवलेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टाक्या टाक्यातून. कापड सुईचं भोक मिटवतं, चामडं मिटवत नाही. जितका बारीक टाका तितकी जास्त भोकं. मी तुमच्या पिशवीची चाळणी केली होती.

"झंपर झकास झालाय," तुम्ही म्हणालात. बस्स, तेवढंच.

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही आरी, मेण आणि दोन सुया घेऊन बसलात. आरीनं भोक पाडायचं ते दोऱ्यापेक्षा बारीक. दोरा मेणात ओढून घ्यायचा. दोन्ही बाजूंनी दोन सुया एकाच भोकातून न्यायच्या, म्हणजे दोराच भोकाचं बूच होतो. कडेला चामड्याची पट्टी. माझी बोटं सोलवटली. ती पिशवी कणभरही हवा सोडत नव्हती.

ते भाऊकीत कळलं. तुमचे चुलतभाऊ दारात उभे राहून म्हणाले, "आमच्या बापांनी छप्पन साली ही कामं टाकली. आन तू सुनंला चामडं शिवाय बशिवतोस?" मी आत होते, माझ्या हातात आरी होती, आणि मला खरंच वाटलं की त्यांचं बरोबर आहे. तुम्ही जागचे उठलासुद्धा नाहीत.

"ते लादल्यालं हुतं, म्हून टाकलं," तुम्ही म्हणालात. "ह्ये मी माज्या मर्जीनं करतुया. फरक कळत आसंल तर च्या प्या, न्हाईतर जावा."

त्यांनी चहा घेतला. त्या एका उत्तरासाठी मी तुम्हाला पुष्कळ काही माफ केलंय, हे सांगायचं राहून गेलं. तुम्ही लग्नाच्या सुपाऱ्या कधी घेतल्या नाहीत, कुणाच्या वरातीपुढं वाजवलं नाहीत, तेही त्यातलंच. पर्यटक लेण्यांच्या पायऱ्या उतरताना तुम्हाला "अंकल, साप कुठंय?" विचारायचे, तेव्हा मात्र तुम्ही वाजवायचं थांबवून त्यांना अर्धा तास धडा द्यायचात, आणि माझा स्वयंपाक खोळंबायचा.

आता मधाचं. पिशवीला आतून ग्लिसरीन आणि मध गरम करून ओतायचं, चोळायचं, म्हणजे शिवण धरून राहते आणि फुंकरीची ओल चामडं पितं. पलटणीत तसंच करतात, म्हणालात. पलटणीत असतील, पण पलटणीत बेडशाच्या मुंग्या नाहीत. खुंटीपासून माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत रांग. मी म्हटलं, मध कमी करू. तुम्ही म्हणालात, मुंग्या कमी कर. हा वाद आपला अजून मिटलेला नाही. मी आता मध घालत नाही. चामड्याला काही झालेलं नाही. ऐकताय ना?

पण खरा वाद तो नव्हता. मी पिशवी शिवली, दोरे बांधले, तुमची नजर गेल्यावर चकत्या तासल्या. अमुक चकती उघडी आहे म्हणून दम जास्त मागते, तमुक मिटली आहे म्हणून चिरकते, हे मी ओठात धरून सांगायला लागले. आणि तरी तीन वेळा विचारलं, "आबा, मी फुंकू का?" तीन वेळा तुम्ही म्हणालात, "तुजं काम शिवनीचं." तिसऱ्या वेळी मी विचारलं, बाई म्हणून का? तुम्ही फुंकायची नळी तोंडात घातलीत. ती तोंडात असली की माणसाला बोलता येत नाही, याचा तुम्ही जन्मभर फायदा घेतलात.

दिवाळीपासून तुमचा दम कमी झाला. पाचाच्या जागी दोन धून, मग एक. विचारलं की "रीड जड झालीया." रीड म्हणजे त्याच वेताच्या चकत्या. मी दोन नव्या, हलक्या चकत्या तासून दिल्या. तरी तुम्ही लालबुंद. डॉक्टर म्हणाले, काका, हे फुंकणं आता बंद. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, डॉक्टरला सूर कळत न्हाई. आणि त्या सकाळी चहा ठेवून मी अंगणात आले तर तुम्ही खुर्चीत, मान एका बाजूला, खिशात रीडची डबी. मी आधी ओरडले की चहा निवतोय.

चौथ्या दिवशी लोणावळ्याचा एक रिसॉर्टवाला आला. रिसेप्शनच्या भिंतीवर लावतो म्हणाला, काचेत, आबांच्या फोटोसकट. विलासला ते पटलं. "मुंग्या तरी जातील," म्हणाला. भेटायला आलेल्या बायकांपैकी एक पिशवीवर हात फिरवून म्हणाली, "आबांचा शेवटचा श्वास आहे गं हिच्यात." मी म्हटलं, बाई, श्वास दहा मिनिटांत निघून जातो. मागे राहते ती ओल, आणि ती काढली नाही तर चामडं कुजतं. तिला ते आवडलं नाही. मलाही नाही. पण भिंतीवर टांगलेल्या पिशवीचं काय होतं ते मला माहीत आहे. चामडं वाळून तडकतं, चकत्या मिटतात, दोरे सुटतात, आणि लोक तिच्यापुढं फोटो काढतात. मी म्हटलं, सातव्या दिवशी जलदान विधी आहे, त्यानंतर बघू.

कारण तुम्ही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं ना, की माझ्या जलदान विधीला भन्तेजींचं झालं की बाजा वाजला पाहिजे. कोण वाजवणार, हे ठरवून ठेवलं होतंत. उर्स्याचे हवालदार काका, तुमच्याच पलटणीतले. काकांना तुम्ही विचारलं होतं की नुसतंच ठरवलं होतं, देव जाणे. म्हणजे आपल्या धम्मात तो नाही, पण तुम्ही माणसाला त्याची आठवण काढायला लावता.

सहाव्या दिवशी मी बाजा तपासायला घेतला. मखमली खोळ काढली, पिशवी फुगवली, पिंपात धरली. बुडबुडे. गळ्याजवळ नाही, नळ्यांच्या बांधणीत नाही. शिवणीत. माझ्या शिवणीत, खालच्या वळणावर, जिथं तुमच्या काखेचा दाब सगळ्यात जास्त पडायचा तिथं.

आणि त्या जागेवर मेण होतं. मी लावलेलं नव्हे. बोटानं दाबून, थरावर थर, आंधळ्या माणसानं लावावं तसं शिवणीच्या अलीकडे-पलीकडे फासलेलं. किती महिने लावत होता? मी कामशेतला गेले की खोळ काढायची, मेण फासायचं, खोळ घालून पुन्हा खुंटीवर. मेण किती टिकणार? गरम झालं की सुटतं. मग जितकी हवा गळायची तितकी तुम्ही जास्त फुंकायची. डॉक्टरांनी नको म्हटल्यावरसुद्धा.

मी मग ओल्या हातानं डॉक्टरांना फोन केला आणि विचारलं, पिशवी गळकी नसती तर ते जगले असते का? त्यांना पिशवी म्हणजे काय ते आधी समजावावं लागलं. ते म्हणाले, ताई, त्यांचं हृदय तीन वर्षं थकलेलं होतं, फुंकून थोडा ताण पडला असेल, पण त्यानं गेले असं मी म्हणणार नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला ते दिवसा पटतं.

नुसतं म्हणायचं होतं, आबा. "पोरी, शिवण उसवली." तीन शब्द. पहिल्या पिशवीला मला पिंपापाशी नेऊन माझी शोभा केलीत, तोंडावर झंपर म्हणालात. तेव्हा मला लागेल हे तुम्हाला सुचलं नाही. आणि जेव्हा सांगायची खरी गरज होती तेव्हा माझी चूक झाकत बसलात, मला वाईट वाटेल म्हणून? कुणी सांगितलं होतं? माझ्या मनाची एवढी काळजी होती तर तीनदा विचारलं तेव्हा कुठं होती? मी तुमच्यावर इतकी चिडले की चिडता चिडता मला रडू आलं, आणि मग त्या रडण्यावर चिडले. ते मेण मी नखानं खरवडून काढलं. थोडं फेकलं नाही. कुठं ठेवलंय ते सांगणार नाही.

रात्र व्हायच्या आत शिवण उसवून पुन्हा घातली. चाळीस टाके. पिंपात एक बुडबुडा नाही.

सातव्या दिवशी हवालदार काका आले आणि अंगणातच म्हणाले, "पोरी, माजी छाती फाडून शिवल्याली हाय. बोटं चालत्याल, हात दाबंल. फुकायचं न्हाई जमायचं."

वीस मिनिटांत भन्तेजी येणार. मंडपात गाव जमलेलं. विलास माझ्याकडे बघतोय. मी काकांना विचारलं, "दाबायचं तुम्ही, बोटं तुमची, आणि दम दुसऱ्याचा असला तर?"

काकांनी डोकं खाजवलं. "आसं कुनी केल्यालं ऐकलं न्हाई." मग म्हणाले, "पर हवेला काय कळतंय, कुणाची हाय ती."

फुंकायची नळी काकांच्या तोंडाकडं येते, माझ्याकडं नाही. मी आत गेले. गॅसच्या शेगडीची जुनी नळी बदलायला नवी आणून ठेवली होती, ती अजून तशीच कागदात होती. हातभर तुकडा कापला आणि फुंकायच्या नळीच्या तोंडावर बसवला. केशरी रबराची नळी, पलटणीचा बाजा. तुम्ही पाहिलं असतंत तर पुन्हा गेला असता.

त्रिशरण, पंचशील झालं. भन्तेजी बसले. काका उभे राहिले, तीन नळ्या खांद्यावर, पिशवी काखेत. मी त्यांच्या डावीकडे पदर खोचून, नळी तोंडात. फुंकलं. पिशवी भरली, काकांनी दाबली, आणि म्हैस अडल्यासारखा एक आवाज आला. पोरं हसली. एक म्हातारीही हसली. तुमचे चुलतभाऊ पहिल्या रांगेत होते, ते खाली बघत होते.

"थांबू नगं," काका ओठ न हलवता म्हणाले. "भर. मी दाबतोय तवर तू दम घे. पिशवी उपाशी ठिवू नगं."

दुसऱ्यांदा सूर लागला. तीन नळ्या घुमायला लागल्या, आणि मग त्यांच्यावर काकांची बोटं. संथ कूच होती, तुम्ही संध्याकाळी वाजवायचात तीच. मला डोळ्यांपुढं काजवे दिसत होते. सूर चढायला लागला की काका कोपर सैल करायचे, पडायला लागला की माझ्याकडं बघायचे. हा बाजा मध्येच थांबवता येत नाही, एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरा टोचावा लागतो, हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. थांबता येत नाही म्हणजे काय, ते मला त्या दीड मिनिटात कळलं. कुणी रडलं का ते मी बघितलं नाही. मी मोजत होते, दम घ्यायचा, भरायचं.

चहा घेताना मी काकांना विचारलं, आबांनी मला का नाही फुंकू दिलं? काका म्हणाले, "मला तरी कुटं हात लावू दिला त्यानं? आठरा वर्सं एका बराकीत हुतो." मला हसू आलं. पण ते उत्तर नव्हे. ते काकांचं दुःख आहे, माझं वेगळं आहे, आणि दोन्हींचं उत्तर घेऊन तुम्ही गेलात.

रिसॉर्टवाल्याला मी नाही म्हणून कळवलं. विलासनं दोन दिवसांनी स्वतःच खुंटी पक्की करून दिली. पुढच्या नळीच्या जागी बूच लावून मी दुकानातून आल्यावर नुसत्या तीन नळ्या घुमवते. धून नाही, बोटं नाहीत. एकच सूर, हलू न देता. जमत नाही. तो चढतो, पडतो, डगमगतो. शेजारीण विचारते, अजून किती दिवस? मी म्हणते, आबांना विचारा.

काल तो साधारण दोन मिनिटं जागेवर राहिला. केसभरही हलला नाही. मी नळी तोंडातून काढली, दाबत राहिले, आणि हवा संपेपर्यंत अंगणाच्या दाराकडं बघत होते. इतक्या वर्षांत मला तुमचा राग पुष्कळदा आला, आबा, पण काल तुम्ही ऐकायला नव्हता याचा जसा आला, तसा कधीच आला नव्हता.